छोटा सॉलिड स्टेट अँप, कमी बजेट आणि जुन्या ब्लूजचा टोन: काकांच्या पेडलचं पूर्ण प्रकरण

परिस्थिती आधी नीट सांगतो, कारण कुठलं पेडल (गिटार आणि अँपच्या मधे लावायचा, आवाज बदलणारा डबा) घेऊ म्हणून कोणी विचारलं की अँप कुठला, गिटार कुठली, वाजवता कुठे हे काहीही न विचारता डायरेक्ट नाव फेकणारे ढीगभर असतात आणि हे सगळं प्रकरण तिथूनच सुरू झालंय.

काका ओळखीतले आहेत, पन्नाशी ओलांडलेली, कॉलेजात असताना वाजवायचे मग सुटलं ते सुटलंच, आता परत गिटार हातात घेतलीये आणि फक्त ब्लूजच वाजवायचा असं ठरवलंय. गिटार म्हणजे स्ट्रॅटची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची) कॉपी, तीन सिंगल कॉइल पिकअप, तारा नऊच्या सेटच्या, म्हणजे पातळ. अँप १५ वॉटचा सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाला) प्रॅक्टिस अँप, ८ इंची स्पीकर, क्लीन (स्वच्छ) आणि ड्राइव्ह (फाटलेला) असे दोन चॅनल, हेडफोनचं भोक आहे. वाजवायचं घरातच आणि तेही बरेचदा रात्री उशिरा. बजेट एका पेडलचं, तेही बॉस कंपनीचं नवीन घ्यायचं म्हटलं तर जेमतेम पुरेल इतकं, आणि नवीन अँप घ्यायचा विषयच काढायचा नाही अशी घरातून ताकीद.

डिस्टॉर्शन पेडल त्यांनी एक ऑलरेडी घेतलं होतं. दुकानात जाऊन "डिस्टॉर्शन हवंय" म्हणाले आणि विकणाऱ्याने मेटलवालं हाय गेन (सिग्नल खूप वाढवून फाडणारं) पेडल हातात ठेवलं, त्याचीही चूक म्हणता येत नाही, शब्द तोच आहे ना. पण ते लावून काका शफल (ब्लूजचा झुलता ताल) वाजवायला बसले की मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज यायचा. गेन पूर्ण खाली आणला तरी खरखर तशीच, फक्त बारीक. मग कुणीतरी सांगितलं ट्यूब स्क्रीमर घ्या, ब्लूजला तेच लागतं. तेव्हा ते माझ्याकडे आले, म्हणाले, "अरे, ते हिरवं पेडल घेऊ का सरळ? सगळे तेच म्हणतायत."

मी म्हटलं काका, आधी मला ऐकवा तुम्हाला कसला आवाज हवाय ते. हा प्रश्न कोणी विचारत नाही पण निम्मं काम इथेच होतं, कारण जुना ब्लूज टोन म्हणजे एक गोष्ट नाहीये. १९५० च्या दशकातला शिकागोचा आवाज घ्या, मडी वॉटर्स, ओटिस रश वगैरे, तेव्हा आवाज फाडणारं पेडल हा प्रकारच नव्हता, बाजारात विकायला आलेलं पहिलं फझ पेडल माएस्ट्रोचं आणि ते १९६२ चं. त्याआधी १९५१ मध्येच हाउलिन वुल्फबरोबर वाजवणाऱ्या विली जॉन्सनची गिटार चांगली फाटलेली ऐकू येते, ती नुसत्या अँपवर. ट्यूबचा (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा) अँप त्याला झेपेल त्याच्यापुढे चढवला की तो फाटतो, बस. दुसरा थर १९६६ च्या आसपासचा ब्रिटिश, क्लॅप्टन, लेस पॉल गिटार आणि मार्शलचा कॉम्बो फुल आवाजात, हा जाड, हंबकरवाला (दोन कॉइलच्या पिकअपचा), लांब ओढलेला आवाज. आणि तिसरा थर ऐंशीच्या दशकातला स्टीव्ही रे वॉन, इथे कुठे ट्यूब स्क्रीमर येतं, आणि तेही फेंडरच्या मोठ्या ट्यूब अँपच्या पुढे, तेराच्या जाड तारा, अर्धा सूर खाली लावलेली गिटार. लोक "व्हिंटेज ब्लूज" म्हणतात तेव्हा ह्या तिन्हीची भेळ करतात आणि मग तिसऱ्याचं पेडल पहिल्याच्या आवाजासाठी घेतात.

काकांनी फोनवर जे ऐकवलं ते जवळपास सगळं पहिल्या थरातलं निघालं. हळू छेडलं की स्वच्छ, जोरात मारलं की कडेने फाटतं. म्हणजे त्यांना हवं होतं ते डिस्टॉर्शन नव्हतंच मुळी, त्यांना फाटायच्या काठावर उभा असलेला ट्यूब अँप हवा होता आणि तो घ्यायला पैसे नव्हते आणि घेतला असता तरी त्या आवाजात वाजवायला घर नव्हतं.

इथे मला वाटतं ह्या केसचा खरा मुद्दा आहे. ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल हे अँपच्या जोडीने काम करतं. पेडलचा ड्राइव्ह कमी, लेव्हल वर, सिग्नल तगडा करून ट्यूबच्या तोंडावर फेकायचा आणि फाटायचं मुख्य काम अँपने करायचं. काकांच्या अँपला तसं ढकललं तर तो हळूहळू वाकत नाही, एका पातळीपर्यंत एकदम स्वच्छ आणि मग सपकन कापतो, कानाला टोचतं ते. ट्यूबमध्ये वाकणं सावकाश होतं, आणि ट्यूब रेक्टिफायरवाल्या जुन्या अँपमध्ये जोरात मारलं की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि परत वर येतं, त्याला सॅग म्हणतात, तो दबून फुलल्यासारखा फील तिथून येतो. तेव्हा काकांच्या बाबतीत पेडलला नुसता धक्का मारायचं काम नाहीये, अँपचंच सोंग घ्यायचंय, आणि खालचा अँप फक्त आवाज मोठा करणार. एकदा हे पटलं की निम्मी यादी आपोआप गळते.

आता गेन किती हवा हे कसं ठरवायचं, कारण दुकानात उभं राहून गेन वाढवत नेला की प्रत्येक स्टेपला आधीपेक्षा भारीच वाटतं. मी एक टेस्ट वापरतो, ई सेव्हनचा मोकळा कॉर्ड. ब्लूज सगळा सेव्हन्थ कॉर्डवर उभा आहे आणि त्या कॉर्डमध्ये थर्डही (मूळ सुरापासून तिसरा) आहे आणि फ्लॅट सेव्हन्थही (कोमल सातवा) आहे, आणि डिस्टॉर्शनला हे दोन्ही सूर अजिबात आवडत नाहीत. कारण असंय की दोन सूर एकाच वेळी क्लिप झाले (लहरीची टोकं कापली गेली) की त्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. ई म्हणजे ३२९.६ हर्ट्झ आणि वरचा बी ४९३.९, वजाबाकी १६४.३, आणि एक सप्तक खालचा ई असतो १६४.८ चा, म्हणजे जवळपास सुरातच, म्हणून पॉवर कॉर्ड (नुसता मूळ सूर आणि पाचवा) कितीही गेनवर भक्कम वाटतो. पण ई आणि त्याचा थर्ड जी शार्प, ४१५.३, ह्यांची वजाबाकी येते ८५.७, आणि सहावी तार मोकळी असते ८२.४ वर, एफ असतो ८७.३ वर, म्हणजे हा भुताचा सूर बरोबर दोघांच्या मधे कुठेतरी, बेसुरा. गेन जितका जास्त तितका हा सूर मोठा. सेव्हन्थ मिसळला की अजून चिखल.

म्हणून टेस्ट सोपी. ई सेव्हन वाजवायचा, त्यातला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतोय का बघायचं, येत नसेल तर गेन खाली, खाली आणूनही येत नसेल तर ते पेडल ब्लूजचं नाही, त्यावर काहीही लिहिलेलं असो. काकांचं मेटलवालं पेडल गेन शून्यावर ठेवून पण नापास झालं आणि तिथे त्यांना पहिल्यांदा पटलं की नॉब फिरवून हे सुटणारं नाही.

मग पर्याय. फझ बाद, तो वेगळा पंथ आहे. प्रोकोचं रॅट, बॉसचं डीएस-१ (१९७८ पासून चालू आहे, स्वस्त, सगळीकडे मिळतं) ही हार्ड क्लिपिंगवाली, म्हणजे सिग्नल मोठा करून मग डायोडने ग्राउंडला कापायचा, रॉकला झकास, रॅट कमी गेनवर गोड वाजवणारे आहेत पण ह्या केसला बाद. क्लॉन सेंटॉर ह्या गाजलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नकला पण बाजूला ठेवल्या, चांगल्या असतात पण त्यांचा जीव चांगल्या अँपला पुढे ढकलण्यात आहे आणि तो अँपच इथे नाहीये. राहिले तीन: ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातलं काहीतरी, बॉसचं ब्लूज ड्रायव्हर, आणि जॉयो कंपनीचं अमेरिकन साउंड, जे स्वतःला पेडल म्हणवतं पण आतून फेंडरच्या जुन्या अँपची नक्कल आहे. पहिलं माझ्याकडे एसडी-१ च्या रूपात होतंच, बाकीची दोन मित्रांकडून मागून आणली, आणि सगळी काकांच्या घरी, काकांच्याच अँपवर, काकांच्याच हातात ऐकली. दुकानातल्या ट्यूब अँपवर ऐकून पेडल घेणं म्हणजे त्या अँपचा टोन पसंत करणं, तो घरी येत नाही.

ऐकताना एक काळजी घेतली आणि ही खरंच घ्या. पेडल चालू आणि बंद, दोन्हीला आवाज सारखाच ऐकू येईल असा लेव्हल नॉब लावला, तिन्ही पेडलना. नाहीतर जे जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, प्रत्येकाला, मलापण.

एसडी-१. १९८१ चं, बॉसचं, ट्यूब स्क्रीमरशी जवळचं नातं, फरक एवढाच की क्लिपिंग असिमेट्रिकल आहे, लहरीच्या एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन. ई सेव्हन कमी ड्राइव्हवर पास. पण टोन नाकातला, डबा झाल्यासारखा. ह्याचं कारण सर्किटमध्येच आहे. ट्यूब स्क्रीमरमध्ये क्लिपिंगच्या जागी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ह्या जोडीचा कॉर्नर साधारण ७२० हर्ट्झला येतो, त्याच्या खाली गेन कमी कमी होत जातो, आणि पुढचा फिल्टर साधारण तिथूनच वरचं कापायला लागतो, म्हणजे मधला भाग फुगतो. पहिल्या तारेचा बारावा पडदा म्हणजे ६५९ हर्ट्झ, गिटारचे बहुतेक सगळे मूळ सूर ह्या कॉर्नरच्या खालीच आहेत, तेव्हा बास पातळ होणारच. फेंडरच्या साठच्या दशकातल्या ब्लॅकफेस अँपना मिड मुळात कमी आणि बास भरपूर, तिथे हा फुगवटा खड्ड्यात बरोबर बसतो, म्हणून ती जोडी इतकी गाजली. काकांच्या ८ इंची स्पीकरला बास आधीच नाही, रात्रीच्या कमी आवाजात कानालाही बास कमी ऐकू येतो, त्यात पेडलने उरलासुरला काढून घेतला. काका दोन मिनिटं वाजवून म्हणाले, "रेडिओवर ऐकल्यासारखं वाटतंय रे." बरोबर ओळखलं त्यांनी.

ब्लूज ड्रायव्हर, बीडी-२, १९९५ चं. हे मला सगळ्यात आवडलं आणि हे मी लपवत नाही. ह्यात नेहमीच्या ऑप अँप ह्या तयार चिपऐवजी ट्रान्झिस्टरनी बांधलेले गेनचे टप्पे एकामागे एक आहेत आणि त्यामुळे असेल, पण हाताला जे उत्तर मिळतं ते बाकी दोघांपेक्षा जास्त. गेन नॉब घड्याळात नऊ-दहा वाजतात तिथे ठेवा, बोटाने हळू छेडा, स्वच्छ. पिकने मारा, कडा फाटते. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणा, जवळपास क्लीन. ई सेव्हन एकदम सुटा सुटा. गेन बारा वाजताच्या पुढे नेला की मात्र फझकडे झुकतं आणि वरची किरकिर सुरू होते. आणि मुळात ब्राइट आहे, स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपवर तर कानात जातं, टोन नॉब नऊ वाजता, नेक पिकअप, गिटारचा टोन पण सहा-सातवर, एवढं केल्यावर गोड.

अमेरिकन साउंडवर सहा नॉब आहेत, लेव्हल, लो, मिड, हाय, व्हॉइस, ड्राइव्ह, आणि काका ते बघूनच वैतागले. ह्यात स्पीकरची नक्कल पण आत आहे, म्हणजे वरचा तिखट भाग आधीच कापलेला, त्यामुळे गिटार अँपच्या स्पीकरवर लावलं की दोनदा गाळल्यासारखं होतं आणि आवाज थोडा झाकलेला वाटतो, हाय वर घ्यावा लागतो. व्हॉइस नॉब कमी ठेवला की टोन स्वच्छ आणि मोकळा, वर नेला की मिड दाटत जाऊन ब्रिटिशकडे सरकतो. ड्राइव्ह दहा वाजता, ई सेव्हन पास, बास भरलेला, आणि पहिल्यांदा त्या डबड्या अँपमधून मोठ्या अँपसारखं काहीतरी बाहेर आलं. हाताला उत्तर ब्लूज ड्रायव्हरइतकं नाही, व्हॉल्यूम खाली घेतल्यावर तितकं लगेच साफ होत नाही, हे मला खटकलं आणि काकांना खटकलं नाही.

निर्णय काय झाला ते हेडफोनमुळे झाला. काका रात्री वाजवतात तेव्हा अर्धा वेळ अँपच्या हेडफोनमधूनच, आणि त्यांच्या अँपचं हेडफोन आउटपुट कच्चं आहे, स्पीकरची नक्कल वगैरे काही नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपकन पडतो, हेडफोन पडत नाही, तेव्हा क्लिपिंगची जी वरची करकर स्पीकर गिळून टाकतो ती हेडफोनवर अख्खी कानात. ब्लूज ड्रायव्हर हेडफोनवर ऐकवत नव्हतं. अमेरिकन साउंड ऐकवत होतं, कारण करकर आतच कापलेली. काका हेडफोन काढून म्हणाले, "हे घेऊया. तुला ते दुसरं आवडलंय ते कळतंय मला, पण रात्री तू नसतोस." ह्यावर काय बोलणार. शिवाय किंमत नव्या ब्लूज ड्रायव्हरच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे बजेटमध्ये पैसे उरले.

उरलेल्या पैशांचं मीच बोललो. एक, रेग्युलेटेड ९ व्होल्टचा अडॅप्टर, सेंटर निगेटिव्ह, कारण ते जुन्या राउटरचा अडॅप्टर लावायच्या बेतात होते, पिन बसते म्हणून. राउटरवाले बरेचदा १२ व्होल्टचे आणि सेंटर पॉझिटिव्ह असतात, पिन बसली म्हणजे चालतं असं नाही, पेडल जाऊ शकतं. लेबलवरचं चिन्ह बघायचं, मधल्या ठिपक्याला मायनस जोडलेला हवा. दोन, तारांचा दहाचा सेट आणि गिटार अर्धा सूर खाली, ई फ्लॅटला. दहाच्या तारा अर्धा सूर खाली म्हणजे बेंड करताना जवळपास नऊच्या तारांइतक्याच हलक्या लागतात पण सूर जाड येतो, आणि ह्याने टोनमध्ये जो फरक पडला तो पेडल बदलून पडला नसता.

नंतर एक तक्रार आली, गुणगुण येते म्हणून. फोनवरच सांगितलं, वाजवू नका, गिटार घेऊन उभे रहा आणि जागच्या जागी हळूहळू गोल वळा. आवाज कमीजास्त झाला तर तो पिकअपचा, सिंगल कॉइल आहे, घरातल्या वायरिंगचा हम उचलणारच, पेडलने तो फक्त मोठा केला. वळून काही फरक नाही तर अडॅप्टर किंवा केबल. काकांचा वळल्यावर कमी होत होता. अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, जरा तिरकं बसायला सांगितलं आणि पिकअप सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या पोझिशनला टाकून बघायला सांगितलं, ज्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो तिथे ह्या दोन जागी हम जातो. त्यांच्यात गेला.

आत्ताची सेटिंग, ज्यांना हवी त्यांच्यासाठी: अँप क्लीन चॅनलला, ट्रेबल थोडा खाली, बास आणि मिड मधे, ड्राइव्ह चॅनलला हातच लावायचा नाही. पेडलवर ड्राइव्ह साडेनऊ-दहा, लो बारा, मिड एक, हाय स्पीकरवर वाजवताना एक आणि हेडफोनवर अकरा, व्हॉइस दहा. गिटारचा व्हॉल्यूम कॉर्डला सात, सोलोला दहा. हा शेवटचा नॉब काका आधी कायम दहावरच ठेवायचे, बहुतेक सगळे ठेवतात, त्यामुळे पेडल कितीही चांगलं घेतलं तरी एकच आवाज मिळतो.

जे जमलं नाही ते पण लिहितो. सॅग नाही आला. पेडलमध्ये थोडं कॉम्प्रेशन आहे पण ते दबून फुलणं नाही. लांब सूर धरला की स्पीकरची हवा गिटारला लागून सूर परत उठतो तेही नाही, कारण ते आवाजाच्या जोरावर होतं आणि रात्री जोर नाही. ह्या दोन्हीसाठी अजून एखादं पेडल घ्यायचा विचार काकांच्या डोक्यात आला होता, कॉम्प्रेसर, मी नको म्हटलं. कॉम्प्रेसरने हळू आणि जोरातला फरक कमी होतो आणि तो फरकच तर मिळवायला आपण बसलो होतो.

ह्या केसमधलं एक जरी बदललं असतं तरी मी वेगळं सांगितलं असतं. काकांकडे ५ वॉटचा का होईना ट्यूब अँप असता आणि दिवसा वाजवायची सोय असती तर एसडी-१, ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल वर, झालं. हंबकरवाली गिटार असती तर ब्लूज ड्रायव्हरचा ब्राइटनेस उलट उपयोगी पडला असता, जाड पिकअपला थोडी धार लागते. आणि हेडफोनचं लफडं नसतं तर त्याच अँपवरही मी ब्लूज ड्रायव्हरच घ्या म्हणून भांडलो असतो, सेकंडहँड बघून, बॉसचं ते पेडल सहसा मरत नाही, फक्त घेताना नॉब फिरवून खरखर येते का आणि स्विच प्रत्येक वेळी लागतो का तेवढं बघायचं. मेटलवालं पेडल काकांनी एका पोराला विकलं, त्याला तेच हवं होतं.